रापणीचा दोर

पितृपक्ष सरत आला की तारनाक्याच्या वळणावर फुलांच्या हातगाड्या लागतात. पिवळीधमक तंगेडूची फुलं आणि कुरडूचे पांढरट गुलाबी तुरे. कुरडूला इथे गुनुगू म्हणतात. आमच्या गावी कुरडूची कोवळी पानं श्रावणात भाजीसाठी खुडायची. पुढे तुरे आले की त्याच्याकडे कोणी ढुंकून बघायचं नाही. इथे त्या तुऱ्यांचे भारेच्या भारे विकत घेतात, रंगात बुडवतात, ताटात थरावर थर रचून बतुकम्मा मांडतात, आणि संध्याकाळी गल्लीतल्या बायका तिच्याभोवती टाळ्या वाजवत फेर धरतात. लग्न होऊन हैदराबादला आले त्या वर्षी मी हे सगळं गच्चीवरून हरखून बघत बसले होते. आता बघत नाही. कपडे वाळत घालता घालता गाणी कानावर येतात, तेवढंच.

पण फुलांच्या गाड्या दिसल्या की अजूनही मनात आपोआप येतं, गावात आता रापण लागली असेल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. त्या फुलांना समुद्र माहीत नाही आणि माझ्या गावाला बतुकम्मा माहीत नाही. फक्त दिवस तेच असतात. पाऊस मागे हटलेला, ऊन अंगाला चिकटायला लागलेलं, आणि तिकडे पावसाळाभर गढूळ झालेलं पाणी हळूहळू निवळत आलेलं. माणूस कुठेही गेलं तरी अंगातलं पंचांग बदलत नाही, हे मला इतक्या वर्षांनी पटलं आहे, आणि त्याचा थोडा कंटाळाही आला आहे.

आम्ही गाबीत, समुद्रावर मासे मारून जगणारे. मालवणच्या खाली, खाडीच्या तोंडाशी आमची वाडी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी दोराचं एक टोक काठावर ठेवून निघते, पाण्यात अर्धा गोल काढत जाळं सोडत जाते आणि दुसरं टोक घेऊन बरीच लांब, पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, दुसऱ्या अंगाला लागते. मग दोन्हीकडे माणसं दोराला लागतात. कमरेला पट्टा, पट्ट्याला सुंभाचा तुकडा, त्या तुकड्याची मोठ्या दोराला अढी घालायची आणि समुद्राकडे तोंड करून मागे मागे चालायचं. रापण ओढणारा पाण्याकडे पाठ करत नाही. त्याला समोरची लाट दिसते, होडी दिसते, जाळ्यावर घिरट्या घालणारे पक्षी दिसतात. आपण कुठे चाललोय ते मात्र दिसत नाही. पुळण संपून सुरूची झाडं लागतात, तिथे एक जण आलेल्या दोराचं वेटोळं घालत बसलेला असतो. मागे मागे येणाऱ्याच्या पाठीवर तो हाताने थापटतो आणि म्हणतो, "सोड." मग अढी सोडायची आणि मोकळ्या हातांनी चालत परत पाण्यापर्यंत जाऊन पुन्हा दोराला लागायचं. ते परतीचं चालणं हाच विसावा. दमलो असं दोरावर कोणी म्हणत नाही. म्हणायची गरजच नसते, कारण पाठीवर हात पडणार हे ठाऊक असतं.

या वर्षी फुलांच्या गाड्या आल्या तेव्हा माझी आई आमच्या आतल्या खोलीत पलंगावर होती आणि तिने पाऊल टाकायचं नाकारलं होतं.

ती गावात एकटी राहायची. मी एकुलती एक, वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आषाढात विहिरीपाशी शेवाळावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन तिकडेच झालं, चांगलं झालं. टाके सुकल्यावर मी तिला ॲम्ब्युलन्समधून हैदराबादला आणलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाड बसलंय, आता चालायला लावा. जितक्या लवकर उठतील तितकं चांगलं, आणि फार दिवस नाही उठल्या तर मग उठणारच नाहीत. इथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. सगळ्यांनी तेच सांगितलं, फक्त आईला ते मान्य नव्हतं. पलंगाच्या कडेला बसवली की ती खाली फरशीकडे बघायची आणि घट्ट गादी धरायची.

"ह्यो पाय माजो नाय," ती म्हणायची. "कोणाचो तरी हाडून लावल्यानी."

आई माझी भित्री नाही, हे मला सांगावं लागतं, कारण इथे तिला बघायला आलेल्या प्रत्येकाला ती एक घाबरलेली म्हातारी वाटली. मी मात्र तिच्याकडे बघत असे आणि मला दुसरीच बाई दिसे.

मी शाळेत होते तेव्हाचा एक रापणीचा हंगाम. त्या वर्षी गणपती विसर्जनाला बाबांची कंबर धरली आणि ते अंथरुणाला खिळले. गावचा रिवाज असा की माणूस आजारी असला तरी त्याच्या घरी वाटा पोचतो. मासळीचे ढीग वाळूत मांडताना एक देवाचा, एक होडीचा, एक जाळ्याचा, मग हातांचे, आणि त्यातच आजाऱ्याचाही. कोणी त्याला उपकार मानत नाही. पहिल्या ओढीचा वाटा घेऊन शेजारचा माणूस आमच्या दारात आला. बांगडे होते, ताजे, पाठीवर अजून निळी झाक असलेले. आईने टोपली हातात घेतली नाही.

"दोराक हात लागल्याशिवाय माका वाटो नको," ती म्हणाली.

त्या काळी बायका रापणीवर जायच्या, पण शेवटी, जाळं काठाला लागल्यावर, टोपल्या घेऊन. दोराला पुरुषच असत. दुसऱ्या दिवशी आईने बाबांचा पट्टा काढला, नऊवारी गुडघ्यापर्यंत आवळली आणि पुळणीवर गेली. दोर ओलांडायचा नाही, दोराजवळ चपला घालायच्या नाहीत, दोराला लागण्याआधी हात लावून तो कपाळाला न्यायचा, हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही. दोराला असलेल्या पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं. मग एक जण नुसता सरकला आणि तिला जागा झाली. बस, इतकंच झालं. मी शाळेच्या आधी चहाची किटली घेऊन जायची आणि तिला मागे मागे चालताना बघायची. टाचा वाळूत रुतायच्या, मान ताठ, डोळे पाण्यावर. पहिल्या आठवड्यात तिच्या कमरेवर पट्ट्याचा काळानिळा वळ उठला. संध्याकाळी मी खोबरेल लावून द्यायची आणि ती बोलता बोलता बसल्या जागी झोपायची.

पुढे बाबा थोडे सावरले. ओढता येत नव्हतं, पण बसता येत होतं. ते काठी टेकत सुरूच्या झाडांपाशी जाऊन बसायला लागले आणि दोराचं वेटोळं घालायचं काम त्यांच्याकडे आलं. म्हणजे त्यानंतर आईच्या पाठीवर जो हात पडायचा तो बाबांचा. मी माझ्या आईबाबांना एकमेकांच्या अंगाला अंग लावून बसलेलं कधी बघितलं नाही. जेवताना ताटसुद्धा ती त्यांच्यापुढे जमिनीवरून सरकवायची. पण त्या हंगामात, अख्ख्या गावासमोर, तिच्या घामाने भिजलेल्या पाठीवर त्यांचा पंजा पडायचा आणि ते म्हणायचे, "सोड." ती मागे न बघता अढी सोडायची आणि पाण्याकडे चालायला लागायची. ते चालणं मला अजून दिसतं. हात मोकळे, पदर खोचलेला, चेहऱ्यावर काही नाही. घाई अजिबात नाही. आयुष्यात तिला मी सावकाश चालताना बघितलं ते तेवढंच.

तीच बाई आता आमच्या तारनाक्याच्या फ्लॅटमध्ये फरशीकडे बघून गादी सोडत नव्हती.

मी आबिड्सला एका विमा कचेरीत नोकरी करते. आई आल्यावर दिवसभरासाठी बाई ठेवली. ती तेलुगू बोलणार, आई मालवणी. दोघी एकमेकींवर ओरडत, आणि दोघींचंही खरं असे. ती बाई गेली, दुसरी ठेवली, तीही गेली. माझा नवरा वसंत रिटायर होऊन घरी असतो. माणूस गुणी आहे, सासूला पेज भरवील, औषध देईल, पण तिला संडासाचा डबा लावायचा म्हटलं की आई त्या दिवशी पाणीच प्यायची नाही. जावयाच्या हातून ते कसं करून घ्यायचं? मग मीच रजा काढली. आधी हक्काची, मग अर्ध्या पगाराची, मग बिनपगारी. सकाळी उठायचं, तिला पुसायचं, कूस बदलायची, डबा लावायचा, धुवायचा, खायला करायचं, पुन्हा तेच. त्या दिवसांबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नाही. मला कोणाचा राग येत नव्हता, कोणाची दया येत नव्हती. मी दमले होते. आरशासमोर उभी राहिले की केस विंचरायला हात वर जायचा नाही.

वसंत मूळचा परभणीकडचा, पण तीन पिढ्या इथल्या. त्याच्या मराठीत मराठवाडा आणि हैदराबाद असे काही मिसळले आहेत की गावी गेल्यावर लोक त्याला ऐकत बसतात. त्याने त्याच्या परीने उपाय केले. एका रविवारी रामनगरच्या बाजारातून मोठ्या हौसेने कोरमेनू मासा घेऊन आला. इथे त्या माशाचा फार मान. मी तिखलं केलं. आईने एक घास घेतला आणि वाटी सरकवली.

"गोड्या पाण्यातलो हा," ती म्हणाली. "चिखल लागता."

"त्यांना काय आवडंल तेच आणतो ना मग," वसंत म्हणाला. "सांग, काय आणू?"

काय आणणार? मी सुका जवळा भाजला. वास वरच्या मजल्यापर्यंत गेला आणि वरच्या बाईंनी खिडक्या लावल्याचा आवाज आला. पण आईने पेजेबरोबर तो सगळा खाल्ला.

ती पलंगावरून दिवस मोजायची ते तिथीने. आज अष्टमी म्हणजे भांग, पाण्याला जोर नाही, मासळी नाही. आज अमावास्या, उधाण. "पाणी भरला असतला आता," ती दुपारी अचानक म्हणायची आणि मी खिडकीबाहेर बघायची. बाहेर पाण्याच्या काळ्या टाक्या, केबलच्या वायरी आणि समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या. इथे कुठलं पाणी भरणार? पण तिच्या हिशेबात ते भरत होतं आणि ओसरत होतं, आणि पडल्या पडल्या ती त्याच्या बरोबरीने राहत होती. मला तिचा हेवा वाटायचा. माझा दिवस भरतही नव्हता आणि ओसरतही नव्हता.

व्यायाम करून घ्यायला सौजन्या नावाची मुलगी रोज संध्याकाळी यायची. लहानखुरी, हसरी, पाठीवर सॅक. तेलुगू तिची भाषा, पण आईशी ती इथली हिंदी बोलायची, जणू ती तरी आईला समजेल.

"अम्मा, हल्लू हल्लू उठना. मैं हूँ ना. डरना नक्को."

आई तिच्याकडे प्रेमाने बघायची, तिचा हात धरायची, गाल कुरवाळायची आणि उठायची नाही. वॉकर समोर उभा केला की नजर खाली जायची. एकदा मी चिडून विचारलं, "आये, अगे फुडे बघ, खाली कित्याक बघतंस?"

"फुडे बघून चलूक माका भय वाटता," ती म्हणाली. "फुडे नुसती जमीन दिसता."

सौजन्याने मला बाहेर हॉलमध्ये बोलावलं. "आंटी, पाँव में कुछ नहीं है," ती हळूच म्हणाली. "ताकत भी है. डर बैठ गया. ऐसेच रहे तो मुश्किल हो जाता."

मुश्किल म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माझी रजा दसऱ्यापर्यंत होती. त्यानंतर हजर व्हायचं किंवा राजीनामा द्यायचा, असं ऑफिसने नीट, सभ्यपणे कळवलं होतं. नोकरी सोडली तर वसंतच्या एकट्याच्या पेन्शनवर घर चालवायचं आणि मी उरलेलं आयुष्य या पलंगाच्या बाजूला. एका सकाळी चहा पिताना वसंतने घसा साफ केला.

"मी एक जागा बघून आलो," तो म्हणाला. "घटकेसरकडं. म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेतात. नर्स आहे, झाडंबिडं आहेत. तू रागावू नको, सांगायलो फक्त."

"मराठी बोलणारं कोणी आहे तिथे?"

"नाही."

मी रागावले नाही. रागवायला त्राण लागतं. मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तो झाडांबद्दल सांगत होता आणि मी विचार करत होते की तिथे गेल्यावर मला सकाळी कितीपर्यंत झोपता येईल.

संध्याकाळी खाली बतुकम्माची गाणी सुरू झाली. आईची खुर्ची मी बाल्कनीच्या उंबऱ्याशी नेली होती, तिला जरा वारा लागावा म्हणून. म्हणजे आधी तिला उचलायचं, मग खुर्चीत ठेवायचं, मग खुर्ची ओढायची. ती कठड्याच्या गजांतून बराच वेळ खाली बघत होती. रंगीत साड्या, मध्ये फुलांचा ढीग, टाळ्या.

"गोल गोल कित्याक फिरतत गो?" तिने विचारलं. "खंय पोचूचा नाय तेंका?"

मला हसू आलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा आलं असेल. मी म्हटलं, त्यांच्या देवीचं असं असतं. तिने मान हलवली आणि म्हणाली, "बरा आसा. पण आमच्यासारखा नाय. आमी सरळ जातो."

दसरा तोंडावर आला तेव्हाची गोष्ट. बाल्कनीतली कपड्यांची दोरी मधोमध तुटली. आजारी माणसाच्या घरात चादरींना अंत नसतो, त्यामुळे दोरी तुटणं हे संकटच. नायलॉनची नवी दोरी आणली. वसंत औषधं आणायला गेला होता. संध्याकाळ होत आली होती, सौजन्या यायची वेळ, म्हणून दार नुसतं लोटलेलं. मी स्टुलावर चढून एक टोक बाल्कनीच्या कोपऱ्यातल्या हुकात ओवलं, पण ताण धरायला कोणी नव्हतं. एकटीने दोरी बांधून बघा, ती नेहमी झोळासारखी लोंबते. आई उंबऱ्याच्या आत खुर्चीवर होती. मी काही विचार केला नाही. दमलेलं माणूस फार विचार करत नाही.

"आये, ह्या टोक जरा धर. ताण दी," मी म्हटलं आणि दोरीचं दुसरं टोक तिच्या मांडीवर टाकलं.

तिने ते उचललं. हातावर एक वेढा घेतला. मी हुकाकडे तोंड करून गाठ मारायला लागले.

"ढिली हा," मागून आवाज आला. "अशी दोरी कोण बांधता? कपडे जमनीक लागतले."

दोरीला ओढ लागली. चांगली ओढ. मी गाठ धरून मान वळवली आणि बघितलं तर खुर्ची रिकामी होती. आई तिच्या बाजूला उभी होती. दोरी दोन्ही हातांत, अंगाचा सगळा भार मागे टाकलेला, टाचा फरशीत रोवलेल्या, आणि डोळे बाल्कनीच्या बाहेर, लांब कुठेतरी. ती एक पाऊल मागे गेली. मग दुसरं. गुडघे किंचित वाकवून, जसं वाळूत जातात तसं. ज्या पायाला ती आपला म्हणत नव्हती, तोही मागे जात होता.

मला ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडले नाही. तिचा सगळा भार त्या दोरीवर होता आणि दोरीचं दुसरं टोक, अर्धवट गाठीचं, माझ्या मुठीत होतं. मी सोडलं असतं तर ती पाठीवर पडली असती. धरून ठेवलं तर ती मागे मागे जात राहणार, आणि मागे जेवणाचं टेबल होतं, त्याच्या मागे भिंत. मी आयुष्यात इतकी घट्ट कुठलीही गोष्ट धरली नसेल. नायलॉन तळहातात कापत होतं. स्टूल हलत होतं. ती मागे, आणखी मागे. आणि मग मला कळलं की ती कोणीतरी थांबवायची वाट बघते आहे. तिला स्वतःहून थांबता येत नाही. दोरावर कोणी स्वतःहून थांबत नाही.

"मागे कोण आसा गो?" तिने विचारलं. आवाज बारीक झाला होता. "बाय, मागे कोण आसा?"

मागे कोणी नव्हतं.

दार ढकलल्याचा आवाज आला. सौजन्या आत आली, सॅक खांद्यावरच. तिने एक क्षण हे सगळं बघितलं. तिला आमची रापण माहीत नव्हती, माझे बाबा माहीत नव्हते. तिला एवढंच दिसलं की एक म्हातारी पाठमोरी टेबलावर येते आहे. ती दोन ढांगांत पुढे झाली आणि तिने आपला तळवा आईच्या पाठीवर ठेवला.

आईचे खांदे खाली आले. श्वास सुटला.

"सोडलंय हां," ती म्हणाली आणि तिने दोरी हातातून जाऊ दिली.

मग ती जे दरवेळी करत आली होती तेच तिने केलं. हात मोकळे झाल्यावर माणूस पाण्याकडे चालायला लागतं. ती पाण्याकडे तोंड करूनच उभी होती. ती पुढे निघाली. सौजन्याचे दोन्ही हात तिच्या कमरेच्या बाजूला, न टेकता. टेबलापासून दिवाणापर्यंत, दिवाणापासून उंबऱ्यापर्यंत. सावकाश. खाली एकदाही न बघता. खुर्चीपाशी येऊन तिने हात पुढे केला.

"दी दोरी," ती म्हणाली.

मी दिली. खाली गाणी सुरू झाली तरी आमचं चाललंच होतं. मागे, पाठीवर हात, पुढे. सौजन्याला आता "सोड" म्हणायला शिकवलं होतं आणि ती ते तिच्या तेलुगू जिभेने असं काही म्हणत होती की आईला दरवेळी हसू यायचं. शेवटी आई खुर्चीत बसली, घाम पुसला आणि म्हणाली, "एवढा ओढून गावला काय? एक पेडवो पण नाय."

मी बाल्कनीत खालीच बसले आणि रडले. आनंदाने म्हणावं तर तसं नव्हतं. आनंद होता, पण रडू थकव्याचं होतं. आता दमून चालेल असं कुठेतरी वाटलं असावं. वसंत औषधांची पिशवी घेऊन आला आणि मला तसं बसलेलं बघून आधी घाबरला, मग आईकडे बघून पिशवीसकट तिथेच उभा राहिला. घटकेसरचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

दसऱ्यानंतर मी कामावर हजर झाले. वाटतं तसं सगळं सोपं झालेलं नाही. आई काठी घेऊन घरात फिरते, संडासला एकटी जाते, पण अंघोळीला मी लागते. घर, बस, आबिड्स, बस, घर. संध्याकाळी आल्यावर कपडे, कुकर, तिच्या पायाला तेल. पूर्वीचं काम कमी झालं नाही, ऑफिसचं त्यात वाढलं. आई बरी होत होती आणि मी तशीच दमलेली होते. लोक म्हणतात, आता तुला जरा हायसं वाटत असेल. मी हो म्हणते. इतक्या वर्षांत या शहरात मी घर ओढलं, आता परगावी असलेल्या मुलीचं शिक्षण ओढलं, सासूसासऱ्यांचं आजारपण ओढलं, तेही मागे न बघता. वसंत मदतीला नेहमी असतो, पण काय करू, असं आधी विचारतो. आणि काय करायचं ते सांगणं हेही एक कामच असतं. मी कोणाला दोष देत नाही. फक्त माझी पुळण कुठे संपते ते मला कधी कळलं नाही.

परवाची सकाळ. दिवाळी जवळ आली आहे. गावाहून फोन आला होता की या वर्षी रापणीला बांगडा बरा लागतोय, आणि आईने तो फोन कानाला लावून इतका वेळ ऐकला की वसंतचा चहा थंड झाला. मी ओट्यापाशी पोळ्या लाटत होते. बसची वेळ होत आली होती. तव्यावरची पोळी उलटायची होती, डबा भरायचा होता, आईच्या गोळ्या काढून ठेवायच्या होत्या, आणि हात आपोआप चालत होते. काठीचा आवाज मागे आला, थांबला. ती पाणी प्यायला आली असेल असं वाटलं.

पाठीवर हात पडला. दोनदा, थापटल्यासारखा. वाळलेला, हलका, हाडं लागणारा पंजा.

"सोड," आई म्हणाली.

"काय सोडू?"

"ता लाटणा. माका दी."

"आये, तुका उभी रवाक जमतला काय? जरा थांब, माजा झालाच—"

"ओट्याक टेकून रवतंय," ती म्हणाली. "सोड म्हटला की सोडूचा. इचारूचा नाय."

मी लाटणं सोडलं. तिने काठी कोपऱ्याला लावली, कंबर ओट्याला टेकवली आणि लाटणं हातात घेऊन पोळीकडे बघायला लागली, माझ्याकडे नाही. मी वळले. हात पिठाचे होते आणि मोकळे होते. त्यांचं काय करायचं ते कळेना.

"खंय जाव?" मी विचारलं.

"पाण्याकडे," ती म्हणाली. "आणि धाव नको."

स्वयंपाकघरापासून बाल्कनी ती किती लांब, मध्ये आमचा एवढासा हॉल. तरी मी सावकाश गेले.